संगणकदुरुस्तीची विद्या : हौशी अभ्यासकांचा एक अलिखित इतिहास

स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत थोर पुरुषाचे चरित्र किंवा एखाद्या संस्थेची वाटचाल वाचावयास मिळावी, अशी वाचकांची अपेक्षा साहजिक आहे. प्रस्तुत निबंधाचा विषय त्या मानाने साधा आहे. बंद पडलेला संगणक पुन्हा चालू करण्याची विद्या सामान्य माणसाच्या हाती कशी आली, ती कोणी जोपासली आणि यापुढे तिचे भवितव्य काय, एवढाच विचार येथे करावयाचा आहे. भारतातील संगणकाचा इतिहास सांगताना महासंगणक, मोठ्या कंपन्या आणि निर्यातीचे आकडे यांचा उल्लेख होतो. टेबलावर यंत्र उघडून, हाती स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेल्या माणसाचा उल्लेख सहसा होत नाही. वस्तुतः घराघरांत आणि दुकानादुकानांत संगणक टिकला तो या माणसामुळे.

मागाकडून आलेला वारसा

पलसाणा आणि एकंदर सुरत परिसराला यंत्रातील दोष शोधण्याची विद्या परकी नाही. येथील वस्त्रोद्योगात खानदेशातून, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून आलेल्या मराठी कुटुंबांच्या पिढ्या राबल्या आहेत. यंत्रमागाच्या खडखडाटातही चुकीचा आवाज ओळखणारे कान या कुटुंबांत तयार झाले.

मागाचा आणि संगणकाचा संबंध केवळ उपमेपुरता नाही. फ्रान्समधील लियाँ येथील जोसेफ मारी जकार याने १८०४ साली नक्षीदार कापड विणण्याचे जे यंत्र सिद्ध केले, त्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वापरली होती. भोक असेल तेथे उभा धागा उचलला जाई, भोक नसेल तेथे तो खालीच राही. आपण ज्याला जकार्ड म्हणतो ते हेच. पुढे चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी ही कल्पना उचलली, आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथची यंत्रे भोकांच्या कार्डांवर चालली.

जकार्डवरील कारागीर दोष कसा शोधतो, ते पाहण्यासारखे आहे. कापडात चूक दिसली तर ती कोठे आणि किती वेळा येते, हे तो आधी पाहतो. नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात ठरावीक ठिकाणी एकदाच चूक येत असेल, तर दोष बहुधा एखाद्या पुठ्ठ्यात असतो. चूक उभ्या रेषेत सलग उतरत असेल, तर एखादा हूक किंवा दोरी बिघडलेली असते. म्हणजे यंत्राला हात लावण्यापूर्वी लक्षणावरून स्थान ठरवावयाचे. संगणकाच्या दुरुस्तीतही पहिला धडा हाच आहे.

बंद दाराआडची यंत्रे

आपल्या देशात रचना होऊन तयार झालेला पहिला संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उभा राहिला. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील चमूने १९५६ साली त्याचे प्रायोगिक रूप चालविले, १९६० साली पूर्ण यंत्र कार्यान्वित झाले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. नलिका हा झिजणारा आणि तापणारा भाग असल्यामुळे असे यंत्र चालविणे म्हणजे सतत दुरुस्ती करीत राहणे होते. घडविणारा, वापरणारा आणि दुरुस्त करणारा यांच्यात त्या काळी फारसे अंतर नव्हते.

नंतरच्या काळात हे अंतर वाढले. संगणक वातानुकूलित खोलीत गेला आणि त्याची देखभाल विकणाऱ्या कंपनीच्या हाती राहिली. १९७८ साली आय.बी.एम. कंपनीने भारतातील व्यवसाय आवरला, तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल करण्याचे काम कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने अंगावर घेतले. यंत्र विकणारा निघून गेला तरी यंत्र चालू ठेवता येते, हे भारतीय तंत्रज्ञांनी त्या वेळी दाखवून दिले. या घटनेचे महत्त्व आपल्या इतिहासग्रंथांत अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही.

यंत्र टेबलावर आले

अमेरिकेत १९७५ साली ‘अल्टेअर’ हा सुट्या भागांचा संच बाजारात आला आणि हौशी मंडळींनी घरी संगणक जुळविण्यास आरंभ केला. आपल्याकडे असा संच परदेशातून मागविणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. आपला हौशी अभ्यासक घडला तो रेडिओवर. डाग देणे, मल्टीमीटर लावणे, सर्किटचा नकाशा वाचणे हे सर्व तो रेडिओच्या पाटीवर शिकला, आणि संगणक आला तेव्हा तेच हात त्याकडे वळले.

संगणक जवळ येण्याला दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली धोरणाची. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले आणि आयात सुकर झाली. त्याच सुमारास सुरू झालेल्या ‘क्लास’ योजनेत, आरंभी सुमारे २५० शाळांत, बी.बी.सी. मायक्रो हे ब्रिटिश संगणक देण्यात आले. दुसरी गोष्ट यंत्राच्या रचनेची. १९८१ साली आलेल्या आय.बी.एम. पी.सी.ची अंतर्गत रचना कंपनीने स्वतःच पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली होती. त्यामुळे इतर उत्पादकांना तिच्याशी जुळणारे भाग करता आले. मदरबोर्ड एकाचा, डिस्प्ले कार्ड दुसऱ्याचे, हार्ड डिस्क तिसऱ्याची, असा ‘असेम्बल्ड’ संगणक शक्य झाला. मुंबईत ग्रँट रोड स्थानकालगतचा डॉ. भडकमकर मार्ग, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेला लॅमिंग्टन रोड, रेडिओच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध होताच. संगणकाचे भागही तेथेच मिळू लागले.

जे यंत्र सुट्या भागांनी जोडता येते ते सुटे करून तपासताही येते. या एका सोयीतून एक संपूर्ण लोकविद्या उभी राहिली. पडद्यावर काहीच दिसत नसेल तर कान द्यावयाचा. आय.बी.एम.च्या मूळ पद्धतीत सुरुवातीला एक आखूड शिट्टी वाजली तर सर्व ठीक, एक लांब आणि दोन आखूड वाजल्या तर दोष चित्र दाखविणाऱ्या कार्डात. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने पुसावेत, म्हणजे दमट हवेने चढलेला थर निघतो. अर्धे ‘मृत’ संगणक एवढ्याने जिवंत होत. यंत्राची तारीख वारंवार १ जानेवारी १९८० होत असेल, तर मदरबोर्डवरील लहान बॅटरी संपली असे समजावे, कारण डॉस या प्रणालीचे दिनमान त्या दिवसापासून सुरू होते. नवे कार्ड बसविताच माउस थांबला, तर दोघांनी एकच ‘इंटरप्ट’ क्रमांक मागितला असावा. अशा वेळी कार्डावरील जम्पर हलवून क्रमांक बदलावा लागे.

यांपैकी पुष्कळसे ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते. इंग्रजी मासिके, भाग विकणारा दुकानदार आणि एकमेकांच्या चुका हेच त्याचे पाठ्यग्रंथ. तरीही त्यात एक शिस्त होती. एका वेळी एकच बदल करावा. संशयित भागाच्या जागी चांगला असल्याची खात्री असलेला भाग लावून पाहावा. जे केले ते लक्षात ठेवावे, म्हणजे मागे फिरता येते. प्रयोगशाळेतील वैज्ञानिक पद्धत याहून वेगळी नाही.

विषाणूंचा काळ

यंत्राचे दोष डोळ्यांना दिसत, आज्ञावलीचे दिसत नसत. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या पहिल्या भागात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये, ठाण मांडून बसे. संगणक सुरू होताना हाच भाग सर्वांत आधी वाचला जातो, त्यामुळे विषाणूला पहिला मान मिळे. १९९० साली भारतात एक विषाणू आढळला, त्याचे नावच ‘जोशी’. ५ जानेवारी या दिवशी तो संगणक अडवून धरी आणि जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकित केल्याखेरीज यंत्र पुढे जाऊ देत नसे. ‘मायकेलअँजेलो’ मात्र विनोदी नव्हता. ६ मार्च रोजी तो हार्ड डिस्कवरील माहितीवर निरर्थक अक्षरे लिहून ती नष्ट करी. १९९२ साली त्याच्या भीतीने जगभर खळबळ उडाली.

हे विषाणू पसरत ते मुख्यतः हातोहात फिरणाऱ्या फ्लॉपींमधून, आणि त्या फ्लॉपींत विकत न घेतलेल्या आज्ञावलींच्या प्रती असत, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. फुकटच्या प्रतीने रोगही आणला आणि रोगाचे ज्ञानही. हौशी तंत्रज्ञांनी उपाय शोधला तोही साधा होता. एक निर्दोष फ्लॉपी तयार करावी, सव्वापाच इंची असेल तर तिच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद करावी, म्हणजे तिच्यावर काही लिहिले जात नाही. संगणक तिच्यावरून सुरू करावा आणि मगच रोग्याला हात लावावा. शल्यवैद्य हात धुऊन येतो, त्यातलाच हा प्रकार.

याच वातावरणात पुण्याच्या एका दुरुस्तीच्या दुकानातून एक उद्योग जन्मास आला. कैलास काटकर हे कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे तंत्रज्ञ. शिक्षण दहावीपर्यंत. पुढे ते संगणकदुरुस्तीकडे वळले आणि १९९३ साली त्यांनी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांतील बिघाड पुष्कळदा भागांचा नसून विषाणूचा असतो, हे त्यांच्या ध्यानात आले. संगणकशास्त्राचा अभ्यास करणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर आज्ञावली लिहिली, आणि १९९५ साली ‘क्विक हील’ हे विषाणूरोधक बाजारात आले. २००७ साली कंपनीने तेच नाव धारण केले आणि २०१६ साली तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. या यशोगाथेतील रकमांपेक्षा तिचा उगम अधिक बोधप्रद आहे. येथे प्रश्न पुस्तकातून आला नाही, तो दुरुस्तीच्या टेबलावर आला.

अक्षरांचे दुखणे

मराठी माणसाला आणखी एक बिघाड सोसावा लागला, तो म्हणजे लिपीचा. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने ‘जिस्ट’ कार्डाच्या साहाय्याने डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटविली, आणि १९९१ साली भारतीय लिप्यांच्या ‘इस्की’ संकेतप्रणालीला राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. परंतु विंडोजच्या काळात श्री-लिपी, आकृती इत्यादी संचांनी आपापले फाँट वापरले, आणि प्रत्येकाचा अक्षरक्रम निराळा. एका कार्यालयातील पत्र दुसऱ्या कार्यालयात उघडले की त्याच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसत. यंत्र ठीक, फाईल ठीक, आणि वाचता मात्र काहीच येत नाही, असा हा रोग होता. एका फाँटमधील मजकूर दुसऱ्यात बदलणाऱ्या लहान आज्ञावली त्यातून निघाल्या. पुढे युनिकोड ही जागतिक प्रणाली आली. विंडोज २००० पासून तीत देवनागरीची सोय झाली आणि हा गोंधळ हळूहळू आवरला.

तरीही एक खास मराठी अडचण उरली. ‘आचार्यांना’ बोलावणे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे यांत किती अंतर आहे, हे लग्नघरी कोणीही सांगेल. हिंदीला या दुसऱ्या ‘ऱ’ची गरज नसल्याने पुष्कळ ठिकाणी तो नीट उमटत नसे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्यासाठी स्वतंत्र जागा आहे, हे ठाऊक नसल्याने कितीतरी छापील मजकुरांत ‘दुसर्या’ असे अशुद्ध रूप रूढ झाले. हा दोष ओळखण्यास अभियंता पुरेसा नव्हता, तेथे मराठी जाणणाराच हवा होता. दोषशोधाला स्वभाषेचे ज्ञान लागते, याचे याहून चांगले उदाहरण देता येणार नाही.

पुढे काय

आज संगणक खिशात आला आहे, परंतु त्याचे झाकण मिटले आहे. बॅटरी गोंदाने चिकटविलेली, रॅम मदरबोर्डवर डाग देऊन पक्की केलेली, आणि बिघाड झाला तर ‘नवे घ्या’ हा सल्ला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी एक पोर्टल सुरू केले. हे स्वागतार्ह आहे. तथापि हक्क मिळाला तरी तो बजावणारे हात नसतील, तर त्याचा उपयोग मर्यादित राहील.

मागाच्या कारागिराला जुना जकार्ड कळत होता, कारण तो डोळ्यांसमोर उघडा होता. इलेक्ट्रॉनिक जकार्डात नक्षी पुठ्ठ्यात नसते, ती फाईलमध्ये असते. तो बिघडला की वडिलांचे ज्ञान आणि मुलाचे ज्ञान एकत्र आल्याखेरीज दोष सापडत नाही. वस्त्रोद्योगाच्या या परिसरातील शाळेला येथे मोठे काम करता येण्यासारखे आहे. निकामी ठरलेला एखादा जुना संगणक विद्यार्थ्यांना मोकळेपणी उघडू द्यावा. वीज तोडल्यावरही पॉवर सप्लायच्या पेटीत भार उरतो, म्हणून ती पेटी उघडू नये, हे मात्र प्रथम शिकवावे. आणि प्रत्येक वेळी एका वहीत चार गोष्टी लिहून घ्याव्यात : लक्षण काय दिसले, संशय कशाचा आला, काय बदलले आणि काय घडले.

या विद्येचा इतिहास अलिखित राहिला, कारण ती जाणणाऱ्यांनी वही ठेवली नाही. त्यांच्यापैकी अनेक जण आज साठीच्या पुढे आहेत, दुकाने बंद होत आहेत आणि त्यांच्याबरोबर ते ज्ञानही लोपत आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील रेडिओ, माग आणि संगणक दुरुस्त करणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे जावे, त्यांचे अनुभव टिपून घ्यावेत आणि ते शाळेच्या ग्रंथालयात जतन करावेत. अशी पहिली वही या शाळेत तयार झाली, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी मानीन.