क्षार, तेल आणि घरचा साबण

साबणाची दोन्ही मूळ द्रव्ये, म्हणजे क्षार आणि तेल, महाराष्ट्रातील घरांत शतकानुशतके नित्याच्या वापरात होती. पापडखार डब्यात, राख चुलीत आणि करंजेल किंवा उंडीचे कडू तेल दिव्यात. तथापि ती एकत्र आणून साबणाची वडी पाडण्याची गरज आमच्या पूर्वजांस फारशी भासली नाही, आणि त्याचे कारण अज्ञान नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. वनस्पतींची राख पाण्यात कालवून, गाळून, तीत भाजलेले शंखशिंपले मिसळून दाहक क्षार सिद्ध करण्याचा विधी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सविस्तर दिलेला आहे. पण हा क्षार वैद्याच्याच हाती राहिला, परटाच्या भट्टीपर्यंत पोहोचला नाही.

परटाला त्याची निकडही नव्हती. रेशमी-लोकरी वस्त्रांस खारी माती व कांबळ्यांस रिठा ही मनुस्मृतीत सांगितलेली योजना पुढेही चालत आली. खाराच्या पाण्यात भिजवलेले कपडे खुंबावर वाफवून खडकावर आपटले की मळ सुटे, आणि मोबदला सुगीला बलुत्याच्या रूपाने मिळे. साबण होतच नव्हता असे मात्र नाही. मुंबई इलाख्यात खेडा जिल्ह्यातील कपडवंज हे गाव त्याकरिता प्रसिद्ध होते.

विलायती वड्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील बाजारपेठेत आल्या, तेव्हा त्यांतील जनावरांच्या चरबीविषयी सोवळ्याओवळ्याच्या घरांत जो संशय उत्पन्न झाला, त्याला १९०५ नंतर स्वदेशीच्या चळवळीचे बळ मिळाले. पुढे अर्देशिर गोदरेज यांनी चरबीविरहित, वनस्पतितेलाचा साबण कारखान्यात केला. पण चरबी टाळण्याची ही गोष्ट घरच्या परसातही साधण्याजोगी होती.

तिची कृती सोपी, पण दक्षतेची. शंभर तोळे खोबरेलास सुमारे सतरा तोळे कॉस्टिक सोडा पुरतो. सोडा पाण्यात टाकावयाचा, पाणी सोड्यावर कदापि नाही. भांडे लोखंडी किंवा चिनी मातीचे, अल्युमिनियमचे मुळीच नाही, कारण ते सोड्याने खाल्ले जाते. पाणी आपोआप कढत होते. ते निवल्यावर तेलात बारीक धारेने सोडून लाकडी दांड्याने एकसारखे घोटीत राहिले, की मिश्रण दाटत जाते आणि दांड्यावरून ओघळणारी धार पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहते. मग साच्यात ओतून, दुसऱ्या दिवशी वड्या कापून, त्या तीन-चार आठवडे वाऱ्यावर ठेवावयाच्या. कपड्यांच्या साबणात कोणी शंखजिरे घालून वजन वाढवीत, ते मला कधीच रुचले नाही. मळ काढण्याच्या कामी त्याचा उपयोग नाही.

ह्या स्वदेशी वडीतील सोडा मात्र दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतांशी परदेशाहूनच येई. १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि पुढे खादी-ग्रामोद्योगाच्या कार्यक्रमात निंबोळी, करंज, मोह, उंडी ह्या अखाद्य तेलांच्या साबणास स्थान मिळाले, तेव्हा तेलाचा प्रश्न रानात पडून वाया जाणाऱ्या बियांनी उत्तम सोडविला. दाहक क्षार मात्र कारखान्यातूनच विकत आणावा लागला.