तंजावरची सनद आणि ग्रीन कार्डची मुलाखत

गणेशोत्सवात चार मंडळी जमली की प्रसादाबरोबर एक विषय हमखास निघतो: कोणाची प्रायॉरिटी डेट कुठवर आली आणि मुलाखतीचे पत्र कोणाला आले. माझे घराणे तंजावरकडचे. त्यामुळे हे बोलणे ऐकताना मला कावेरीकाठची गावे आठवतात. नोकरीपायी परमुलखात स्थायिक होणे आणि त्या हक्कासाठी कागद घेऊन साहेबापुढे उभे राहणे, या दोन्ही गोष्टी तिथल्या मराठी माणसांनी फार पूर्वी अनुभवल्या आहेत.

१६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले. त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, पुरोहित आणि कीर्तनकार आले. चाकरीचा मोबदला पुष्कळदा जमिनीच्या रूपाने मिळे. दुसरे शहाजीराजे यांनी १६९३ मध्ये कुंभकोणमजवळचे तिरुविसैनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक पंडितांना इनाम दिले. अशा जमिनींमुळे दरबारचा नोकर गावचा रहिवासी झाला.

१७९९ मध्ये सरफोजीराजांच्या काळात मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. १८५५ मध्ये शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि राज्य संपले. ज्याने सनद दिली तो धनीच उरला नाही. मग सनदेचे काय?

मद्रास सरकारने १८५८ मध्ये इनाम कमिशन नेमले. इनामदारांकडून माहिती व पुरावा मागवला जाई. जमीन कोणी दिली, केव्हा दिली, कशासाठी दिली, मूळ धारक कोण, आजचा धारक त्याचा कोण लागतो, या सर्वांची रजिस्टरात नोंद होई. पन्नास वर्षांची वहिवाट सिद्ध झाली तर सनद हरवलेली असली तरी हक्क मान्य होई. ठरलेली जुडी भरण्यास कबूल झाल्यावर चाकरीची अट सुटे आणि टायटल डीड हाती येई.

याच काळात राणी कामाक्षीबाईंनी राजवाड्याच्या मालमत्तेसाठी दावा लावला होता. मद्रासच्या न्यायालयात त्या जिंकल्या. पण १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, असा निर्णय दिला. राणीच्या दाव्यात न्यायालयाने हात टेकले आणि खेड्यातल्या इनामदाराची मात्र नियमाप्रमाणे चौकशी झाली! चौकशीचा जाच असतोच, पण चौकशीच न होणे त्याहून वाईट, हे मला या इतिहासातून उमगले.

आता आपल्याकडे वळू. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार, आणि एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के. म्हणून भारतीयांची रांग इतकी लांब. रांगेत असतानाच मुले २१ वर्षांची होतात आणि आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडण्याची वेळ येते. पूर्वी अशा अर्जदारांना सहसा मुलाखतीला बोलावत नसत. १ ऑक्टोबर २०१७ पासून सर्वांना बोलावणे सुरू झाले. पुढे पुष्कळांना सूट मिळाली, तरी पत्र केव्हाही येऊ शकते.

मुलाखतीत हुशारीची परीक्षा नसते. शपथ घेऊन अर्जातील उत्तरे तपासली जातात. माणूस तोच ना, नोकरी खरी ना, ती अजून आहे ना, एवढेच मुख्यतः पाहतात. नोकरी बदललेली असेल तर अर्जाला १८० दिवस झालेत का आणि काम त्याच स्वरूपाचे आहे का, हे दाखवावे लागते.

माझी अडचण नावाची होती. तमिळनाडूच्या रीतीप्रमाणे आमच्याकडे आडनाव मागे पडले. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुढे आणि 'राव' मागे. जन्मनोंदीत तर मुलाचे नावच नव्हते. शाळेचा दाखला आणि वडीलधाऱ्या दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडली. 'मूळ धारकाशी नाते काय?' हा इनाम रजिस्टरातला रकानाच जणू मी भरत होतो.

म्हणून तरुण मित्रांना सांगणे एवढेच: जन्माचे, विवाहाचे, नोकरीचे कागद आजच नीट लावून ठेवा. विचारले तेवढेच आणि खरे तेच सांगा. आणि कागद मिळाला म्हणजे घर झाले असे समजू नका. तंजावरकर मंडळी तमिळ शिकली, गावात मिसळली आणि तरीही घरात मराठी बोलत राहिली. धनी गेला, इनामे गेली, पण ती बोली आजही काही घरांत ऐकू येते.

विघ्नहर्ता रांगेतल्या सर्वांचे विघ्न दूर करो. गणपती बाप्पा मोरया!