चालू खाते आणि बंद यंत्र

बुडीत कर्जदार आणि बंद पडलेलं यंत्र, या दोघांशी व्यवहार करणं तसं सोपं असतं. दोघांकडूनही काही यायचं नाही, हे एकदा ठरलं की माणूस मोकळा होतो. बँकेतल्या वीस वर्षांच्या नोकरीत मला खरा छळ झाला तो तिसऱ्या जातीच्या कर्जदाराचा. हा दोन हप्ते चुकवतो आणि नव्वद दिवस पुरे व्हायच्या आत हसत हसत येऊन एक भरून जातो. वर पेढेही देतो. त्याला बुडीत म्हणता येत नाही आणि चांगला म्हणायला जीभ वळत नाही.

यंत्रांतही ही जात आहे. सकाळी बटण दाबावं तर ढिम्म. दुपारी दाबलं तर चालू. संध्याकाळी दुरुस्तीवाला आला की गुणी मुलासारखं पहिल्याच हाकेला ओ देतं आणि त्यानं जिना उतरला रे उतरला की पुन्हा मौनव्रत. आमच्या शाखेतल्या लोकांचं मत असं, की हे स्वस्तातल्या यंत्रांचे धंदे. इतिहास मात्र तसं म्हणत नाही. संगणकांच्या घराण्यात हा गुण थेट मूळपुरुषापासून आला आहे.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला, पेनसिल्व्हानिया विद्यापीठात, १९४६ च्या फेब्रुवारीत एनिॲक नावाचा संगणक जगाला दाखवला गेला. वजन सुमारे ३० टन. पोटात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह, म्हणजे आपल्या आजोबांच्या रेडिओत असायचे तसले. रेडिओत पाचसहा व्हॉल्व्ह असायचे, तरी आजोबांना महिन्यातून एकदा त्याच्या पाठीत बुक्की घालावी लागे. इथं अठरा हजार! त्यातला एक रुसला तरी उत्तर चुकणार. हे धूड सलग चालायचंच नाही, असं पुष्कळ जाणत्यांचं म्हणणं होतं.

ते बांधणारा मुख्य इंजिनिअर प्रेस्पर एकर्ट तेव्हा अवघा सव्वीस वर्षांचा होता. त्यानं एक शहाणपणा केला. व्हॉल्व्हवर विश्वासच ठेवला नाही. कारखाना सांगतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दाबावर त्यानं ते चालवले. हजार रुपये मिळवून सहाशेत घर चालवणाऱ्या कारकुनासारखं. वायरी निवडताना तर त्यानं उपाशी उंदरांपुढं निरनिराळ्या वायरी टाकल्या आणि उंदरांना ज्या रुचल्या नाहीत त्या घेतल्या. आमच्या रेकॉर्ड-रूमसाठी कागद कोणी असा पारखून घेतला असता, तर निम्मी जुनी व्हाउचरं आज वाचता आली असती.

तरीही दर एकदोन दिवसांनी एखादा व्हॉल्व्ह जायचाच. आणि गंमत अशी, की तो काम करताना क्वचित जाई. जायचा तो यंत्र सुरू करताना, नाहीतर बंद केल्यावर. घरातला जुना पिवळा बल्ब आठवून बघा. रात्रभर जळताना तो शांत असतो, जातो तो बटण दाबताना. तार तापते तेव्हा ताणते, निवते तेव्हा आखडते, आणि या ताणाताणीत तुटते. यावर त्या लोकांनी तोडगा काढला तो असा: यंत्र बंदच करायचं नाही. सरकारी नळासारखं सोडूनच ठेवायचं. १९५४ साली एनिॲक सलग ११६ तास बिघाडाविना चालला, तो त्याचा विक्रम. पुरते पाच दिवससुद्धा नाहीत!

आता आपल्याकडं या. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ साली विलायतेहून एक संगणक आला. पण आपला आपण बांधायचा, हा उद्योग मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चालला होता. प्रमुख होते आर. नरसिंहन. हाताशी तरुण मंडळी. नमुना म्हणून समोर प्रिन्स्टनच्या यंत्राची आखणी. कोणाही उत्साही माणसानं एकदम मोठ्ठं यंत्र उभारून नारळ फोडला असता. या मंडळींनी आधी एक लहानसं यंत्र बांधलं. ते १९५६ मध्ये चालू झालं. त्याच्यावर हात बसल्यावर मग मोठं, ते १९६० मध्ये कामाला लागलं. २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० डायोड, १२,५०० रेझिस्टर, आणि हे सगळं १८ फूट लांब, अडीच फूट रुंद, ८ फूट उंच पोलादी सांगाड्यात. पुढं त्याला टिफरॅक हे नाव दिलं पंतप्रधान नेहरूंनी.

मला त्या सांगाड्यातली एक गोष्ट फार आवडते. त्याला दोन्ही बाजूंनी पोलादी दारं होती, आतल्या जोडणीपर्यंत हात पोचावा म्हणून. म्हणजे हे बिघडणार, हे बांधतानाच गृहीत धरलेलं होतं. आमच्याकडं घर बांधताना ज्या भिंतीत पाइप फुटायचा असतो तिच्यावर आधी फरशी बसवतात. टिफरॅक १९६५ पर्यंत टिकला, तो काही नशिबावर नाही.

तिसरी गोष्ट वहीची. अमेरिकेतच हार्वर्डच्या मार्क-दोन या यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एका रिलेत पतंग सापडला. उडवायचा नव्हे, दिव्यावर झेपावणारा. बिघाडाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची तिकडच्या इंजिनिअरांची रीत जुनीच होती, पण खराखुरा किडा हाती लागला तो तेव्हा. त्यांनी तो चिकटपट्टीनं नोंदवहीत चिकटवला आणि खाली लिहून ठेवलं. पतंगापेक्षा मला त्या वहीचं कौतुक. यंत्र अडलेलं असताना वेळ घालून नोंद ठेवणारा माणूस मुळात बँकेत जायचा, चुकून विज्ञानात गेला असावा.

कारण हे शास्त्र आमच्या कॉमर्सवाल्यांना नवं नाही. ताळेबंद जुळत नसला की आम्ही काय करतो? फरकाला नवानं भाग जातो का बघतो. गेला, तर ५४ चे ४५ झाल्याचा संशय. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधतो. सापडली, तर ती जमेऐवजी नावे पडली असणार. आणि काहीच जमेना, तर नोंदी निम्म्या करायच्या. या निम्म्यात फरक नाही? मग त्या निम्म्यात. हजार नोंदी असल्या तरी दहा वेळा निम्मे केलं की एकच उरते, आणि ती पकडली की चहा मागवायचा.

हा सगळा इतिहास उपयोगी पडला तो माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या घरात. आक्काचा मुलगा लग्नांच्या फिल्म्स एडिट करून देतो. कोल्हापुरात हे परंपरेला धरूनच झालं. आनंदराव पेंटरांच्या निधनानंतर बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा इथंच तयार केला. भाच्याचं म्हणणं, "मामा, त्यांनी कॅमेरा केला, मी कॉम्प्युटर तरी जोडतो." त्यासाठी आक्कानं नव्वद हजारांची ठेव मुदतीआधी मोडली. भाऊजी गेल्यावर आलेल्या पैशातली ती शेवटची पावती. अर्ज माझ्याच काउंटरवर आला. शिक्का मारताना हात जड झाला, पण शिक्का पडला.

संगणक पहिल्या दिवशी चालू झाला. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी तीनदा झाला आणि चौथ्यांदा नुसते पंखे फिरून थांबले. लग्नसराई तोंडावर. दोन यजमानांची आगाऊ रक्कम घेतलेली. दुकानदार म्हणाला, "आमच्याकडं तर झकास चालतंय की!" शेजारच्या काकूंनी लिंबू-मिरची आणून दिली. आक्का काही बोलत नव्हती, पण रात्री देवापुढं नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायची.

भाचा रोज रॅम काढून खोडरबरानं पुसत होता, केबल बदलत होता, एसएमपीएसवर संशय घेत होता. एसएमपीएस म्हणजे विजेचा पुरवठा करणारी पेटी. वीज स्थिर झाली की ती मदरबोर्डाला 'पॉवर गुड' असा इशारा देते, मगच पुढचं काम हलतं. साहेबांची सही झाल्याशिवाय व्हाउचर पुढं जात नाही, तसंच. पण हा एका दमात चार गोष्टी बदलायचा. त्यानं यंत्र चालू झालंच, तर खरा गुन्हेगार कोण हे कसं कळावं? चौघेही संशयित सुटतात.

मी त्याला शंभर पानी वही दिली आणि रकाने आखून दिले: तारीख, वेळ, काय बदललं, चालू की बंद, शेरा. एका वेळी एकच बदल. आणि टिफरॅकवाल्यांसारखं आधी लहान यंत्र. सगळे भाग कॅबिनेटमधून काढून पुठ्ठ्यावर मांडले. एकच रॅम. ग्राफिक्स कार्ड बाजूला, कारण प्रोसेसरला स्वतःपुरतं चित्र दाखवता येत होतं. वीसपैकी वीस वेळा चालू. दुसरी रॅम लावली, वीस. ग्राफिक्स कार्ड लावलं, तरी वीस. मग सगळं पुन्हा कॅबिनेटमध्ये भरून उभं केलं, तर वीसपैकी अकरा. आता निम्मा ताळेबंद जुळला होता. भाग सगळे सज्जन होते, बिघडत होती ती त्यांची बैठक. भाच्यानं कॅबिनेट आडवं केलं. वीसपैकी वीस!

कार्ड किलोभर वजनाचं. कॅबिनेट उभं असलं की ते आत आडवं लोंबतं, एका टोकाला स्क्रू आणि दुसरं टोक हवेत. केसभर कललं की खाचेतला संपर्क कधी होतो, कधी होत नाही. कॅबिनेट आडवं केलं की तेच कार्ड सरळ उभं राहून खाचेत नीट बसतं. आक्काला हे समजावून सांगितलं. कितीतरी दिवसांनी ती हसली. म्हणाली, "तुझ्यासारखंच की रे! आडवं पडल्याशिवाय काही सुचत न्हाई."

शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्यानं टोकाखाली द्यायला नायलॉनचा खुंट कातून दिला. पैसे विचारले तर म्हणाला, "एवढ्याचं काय घ्यायचं मामा? च्या पाजा." जगभरच्या संगणकशास्त्रात नसेल असा हा खुंट त्या दिवसापासून कार्डाला खांदा देऊन उभा आहे. वहीत पुढचा पुरा महिना 'चालू' याच शेऱ्याचा. फिल्म्स वेळेत गेल्या.

परवा आक्का बँकेत आली, भाच्याच्या कमाईतले पंधरा हजार ठेव म्हणून ठेवायला. मी फॉर्म पुढं केला आणि विचारलं, "मुदत किती घालू? वर्ष?"

"वर्षाचं कशाला? त्या यंत्राचं काय सांगावं. शेहेचाळीस दिवस घाल."

मी घातले. शेहेचाळीस दिवस म्हणजे ११०४ तास. एनिॲकच्या विक्रमाच्या साडेनऊपट.