कुलाबा किनाऱ्यावरील मलिदा

कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यांतील बेने इस्रायलांचा इतिहास लिहूं जातां पहिली अडचण साधनांची पडते. नवगांवापाशीं तारूं फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, ग्रंथ मात्र बुडाले, अशी या समाजाची परंपरा आहे. १७३८ त सार्टोरियस या मिशनऱ्यानें केलेल्या उल्लेखांतही यांजपाशीं धर्मग्रंथ नाहीं, 'शेमा' एवढी प्रार्थना ठाऊक आहे, असेंच आढळतें. केहीमकरांचा इतिहास १८९७ त सिद्ध होऊन १९३७ त छापला गेला. पोथी नाहीं, तेव्हां आम्ही ताटाकडे वळलों.

भिजविलेले पोहे, ओल्या नारळाचा चव, गूळ अथवा साखर, वेलदोडा, आणि भोंवतीं मांडलेलीं फळें, असा यांचा मलिदा. नवस फिटला, लग्न निघालें, नवें घर झालें, कीं एलियाहू हन्नबीचें स्मरण करून तो वांटतात. फळांवर हिब्रू आशीर्वचनें म्हणतात. वृक्षाच्या फळाचें निराळें, भूमीच्या फळाचें निराळें. खजूर वृक्षाचें, परंतु केळें भूमीचें, कारण केळ हा वृक्ष नव्हे. फळ पिकतांच जी संपते ती ओषधि, हें आपल्या कोशकारांचें लक्षणही केळीस तंतोतंत लागतें.

आतां नांव. 'मलिदा' हा फारसी 'मालीदन्', म्हणजे चोळणें, यापासून आलेला शब्द. पिरास चढतो तो मलिदा गव्हाच्या पोळीचा चुरा, तूप व गूळ यांचा. (मलिदा खाणें म्हणजे लांच खाणें हा अर्थ पुढचा.) यावरून हा सगळा विधीच दर्ग्यावरून उचलला, असें म्हणण्याचा मोह होतो. तो आम्हांस मान्य नाहीं. ताटांत गहूं नाहीं, तूपही नाहीं. दूध व मांस एकत्र न खाण्याच्या नियमामुळें तूप गळलें असेल, असें कोणी म्हणेल. आमच्या मतें दारांतला माड आणि खाचरांतला भात एवढें कारण पुरे. पोहे म्हणजे संस्कृत 'पृथुक'. अमरकोशांत तो 'चिपिटका'सह आला आहे. फारसी शब्द या किनाऱ्यावर येण्यापूर्वींही येथें पोहे, गूळ व नारळ होतेच. नांवाचें वय तें पदार्थाचें वय नव्हे. नैवेद्य आधींचा व नांव मागाहून चिकटलेलें, हेंही तितकेंच संभवतें.

अलिबागजवळ खंडाळें येथें एका खडकावरील खुणा एलियाहूच्या रथाच्या म्हणून दाखवितात. तेथें नवस फेडावयास लोक अद्याप येतात. अलिबागचें प्रार्थनामंदिर १८४८ चें. पूर्वीं हे लोक तेलाचे घाणे चालवीत व शनिवारीं ते बंद ठेवीत, म्हणून 'शनवार तेली' म्हणविले जात. १९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबें इस्रायलांत गेलीं. 'नवगांवकर', 'पेणकर', 'रोहेकर' हीं आडनांवें व मलिदा तिकडेही गेला.

जुन्या मराठी घरखर्चाच्या वह्या आणि लग्नाच्या याद्या या घरांत असणारच. संग्राहकांचें लक्ष ताम्रपटांकडे असतें, वह्या रद्दींत जातात. ज्यांस अशी वही मिळेल त्यांनीं सामानाच्या यादींतील पोहे, नारळ व गूळ यांची नोंद, सालासह, उतरून या त्रैमासिकाकडे पाठवावी.