पहिला गिअर : तेलाच्या दाबापासून ॲक्च्युएटरपर्यंत

१/ मलकापूरहून बुलढाण्याला येताना राजूर घाट लागतो. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणे, ही पहिल्या गिअरची खरी परीक्षा.

२/ १९३९ मध्ये जनरल मोटर्सने ‘हायड्रामॅटिक’ आणला आणि गिअर बदलण्याचे काम हाताकडून तेलाच्या दाबाकडे गेले. अशा गिअरबॉक्सची तपासणी आजही तेलाची पातळी व रंग पाहूनच सुरू होते.

३/ १९५६ च्या क्रायस्लर ‘टॉर्कफ्लाइट’मध्ये ‘डी’तील पहिला गिअर वन-वे क्लचवर तोलला जाई; ‘१’ निवडल्यास जोडीला ब्रेक-पट्टाही आवळे. गाडी ‘डी’त उठत नाही, ‘१’मध्ये मात्र उठते, तर दोष बहुधा त्या क्लचचा. तेल बदलून भागत नाही. गिअरबॉक्स उघडावाच लागतो.

४/ २०१४ च्या मारुती सेलेरिओतील एएमटीत मात्र गिअरबॉक्स नेहमीचाच. क्लच दाबणारी व गिअर टाकणारी यंत्रणा तेवढी स्वयंचलित. तेथे आधी क्लचची झीज आणि ॲक्च्युएटर पाहावा.

५/ म्हणून घाटात गाडी अडली, तर प्रथम यंत्राचा प्रकार ओळखावा. एरवी धड असलेला गिअरबॉक्सही विनाकारण उघडला जातो.