सुवर्णमूर्तीची कुळकथा

चित्रपटांचे पुरस्कार म्हटले की तांबडा गालिचा, छायादिव्यांचा लखलखाट आणि मोहरबंद पाकीट डोळ्यांपुढे उभे राहते. या सोहळ्यांत सर्वाधिक गाजलेले अमेरिकेचे 'ऑस्कर' मात्र मजुरीच्या प्रश्नातून जन्मले, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. म्हणूनच त्याची कुळकथा आम्हांला सांगावीशी वाटते.

१९२६ च्या अखेरीस हॉलिवूडमधील सुतार, रंगारी, वादक आदींच्या संघटनांनी चित्रसंस्थांकडून करार पदरात पाडून घेतला. उद्या नट, लेखक आणि दिग्दर्शकही त्याच वाटेने गेले तर? ही धास्ती मनात बाळगून निर्माते लुई मेयर यांनी पुढाकार घेतला आणि १९२७ मध्ये मालक व कलावंत यांना एकत्र बांधणारी 'अकॅडमी' उभी राहिली. पुरस्कार देणे हे तिच्या अनेक कामांपैकी केवळ एक काम होते.

पहिला समारंभ १६ मे १९२९ रोजी रूझवेल्ट हॉटेलात भोजनप्रसंगी झाला. पाहुणे सुमारे २७०, प्रवेशिका ५ डॉलरची आणि पुरस्कारवाटप अवघ्या १५ मिनिटांत आटोपले! विजेत्यांची नावे तीन महिने आधीच जाहीर झाली होती. मोहरबंद पाकीट आले ते १९४१ मध्ये. आदल्या वर्षी एका वृत्तपत्राने समारंभापूर्वीच नावे फोडली होती. १९५३ पासून दूरचित्रवाणीने हा सोहळा घरोघरी पोहोचविला.

मूळ प्रश्न मात्र मिटला नव्हता. महामंदीच्या काळात, १९३३ मध्ये, अकॅडमीने वेतनकपातीची तरफदारी केली. लेखक-नटांचा विश्वास उडाला. त्यांनी आपापल्या स्वतंत्र संघटना उभारल्या. १९३६ मध्ये 'द इन्फॉर्मर' या चित्रपटाच्या पटकथेसाठी डडली निकोल्स यांना पुरस्कार मिळाला, पण लेखकसंघटनेशी एकनिष्ठ राहून त्यांनी तो नाकारला. सन्मान हवा, परंतु सहकाऱ्यांच्या हक्कांच्या मोलाने नको, हाच त्या नकाराचा अर्थ होय. पुढे अकॅडमीला वेतनाच्या वाटाघाटींतून अंग काढून घ्यावे लागले. उरला तो पुरस्कार आणि त्याचा झगमगाट.

पडद्यामागच्या श्रमांना या मूर्तीने न्याय दिलाच नाही, असे मात्र नव्हे. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना १९८३ मध्ये 'गांधी'च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासमवेत ती लाभली. ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. आपल्या पश्चात मूर्तीचा सांभाळ नीट व्हावा म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ती अकॅडमीच्याच स्वाधीन केली.

सन्मानाने माणसाचे मन भरते, हे खरे. पण त्याने घामाचे दाम चुकते होत नाही. पुरस्कारांचा हा इतिहास वाचताना आपण एवढे ध्यानी ठेवावे.