बहुसंवेदी एकीकरण

बहुसंवेदी एकीकरण : डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा, आंतरकर्णातील तोलाचे इंद्रिय आणि स्नायू-सांधे यांच्याकडून आलेली माहिती जुळवून मेंदू ज्या प्रक्रियेने वस्तूचा वा घटनेचा एकसंध अनुभव घडवतो, ती प्रक्रिया. ही निव्वळ बेरीज नसते. कोणत्या इंद्रियावर त्या क्षणी किती भरवसा ठेवायचा, हेही मेंदू ठरवत असतो.

यंत्रणा : मध्यमेंदूतील सुपीरियर कॉलिक्युलस हा भाग डोळे व मान हव्या त्या दिशेला वळवतो. बॅरी स्टाइन आणि ॲलेक्स मेरेडिथ यांनी १९८० च्या दशकात मांजरांमध्ये या भागाचा अभ्यास केला. तेथील अनेक चेतापेशी प्रकाश व आवाज दोन्हींना प्रतिसाद देतात. दोन्ही उद्दीपने एकाच ठिकाणाहून आणि जवळजवळ एकाच वेळी आली, तर प्रतिसाद वाढतो. कधी तो दोन्ही स्वतंत्र प्रतिसादांच्या बेरजेहूनही मोठा असतो. उद्दीपने जितकी क्षीण, तितका एकत्र येण्याचा लाभ अधिक. बाह्यकात शंखखंडाच्या वरच्या भागातील खाच चेहरा व वाणी यांची सांगड घालते, तर पार्श्विक खंडात दृष्टी, स्पर्श आणि शरीराची स्थिती यांचा मेळ बसतो.

वेळेच्या बाबतीत मेंदू थोडी सूट देतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून ३४ मीटरवरच्या वक्त्याचा शब्द एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो, तरी तो त्याच्या ओठांशी जुळलेला वाटतो. वीज आणि गडगडाट यांतील अंतर या सवलतीबाहेरचे असल्याने ती दोन वेगळी भासतात.

भरवशाचे गणित : मार्क अर्न्स्ट व मार्टिन बँक्स यांनी २००२ मध्ये दाखवले की, वस्तूची उंची पाहून व चाचपून ठरवताना मेंदू अधिक नेमक्या संवेदनेला अधिक वजन देतो. दिशा ओळखण्यात सहसा डोळा सरस असतो. म्हणूनच शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचे शब्द अर्धवटराव या बाहुल्याच्या हलत्या तोंडातून आल्यासारखे वाटतात. मात्र दृश्य खूप अस्पष्ट केले, तर कानाचे पारडे जड होते, हे डेव्हिड अलाइस व डेव्हिड बर यांनी २००४ मध्ये सिद्ध केले.

वाणी : हॅरी मॅगर्क व जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये ‘बा’ हा आवाज ‘गा’ उच्चारणाऱ्या चेहऱ्याच्या चित्रफितीला जोडला. बहुतेक प्रौढांना ‘डा’ ऐकू आले. ‘ब’ ओठांशी आणि ‘ग’ कंठाशी उमटतो. मेंदूने स्वीकारलेला वर्ण या दोहोंच्या मधल्या जागेचा आहे. हा परिणाम ठाऊक असलेल्यांनाही तो टाळता येत नाही.

विकास : ही क्षमता अनुभवातून घडते. अंधारात वाढवलेल्या मांजरांच्या सुपीरियर कॉलिक्युलसमधील पेशी दृश्य आणि आवाज यांचे एकीकरण करू शकत नाहीत. माणसाच्या मुलांमध्ये प्रौढांसारखे अचूक वजन देण्याची क्षमता साधारण आठ ते दहा वर्षांच्या सुमारास येते. जन्मांधाला दृष्टी मिळाल्यास, स्पर्शाने ओळखीचे असलेले घन व गोल त्याला नुसते पाहून ओळखता येतील का, असा प्रश्न विल्यम मोलिन्यू यांनी १६८८ मध्ये जॉन लॉक यांना विचारला होता. त्याचे प्रायोगिक उत्तर भारतातून मिळाले. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ उपक्रमात शस्त्रक्रियेने दृष्टी लाभलेल्या पाच मुलांना स्पर्शाने जाणलेली वस्तू लगेच डोळ्यांनी ओळखता आली नाही. पुन्हा चाचणी घेतलेल्या मुलांत ही क्षमता काही दिवसांतच आली. हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

उपयोजन : गोंगाट जितका जास्त, तितकी बोलणाऱ्याचा चेहरा दिसण्याची मदत मोठी, हे विल्यम समबी व अर्विन पोलॅक यांनी १९५४ मध्येच दाखवले. त्यामुळे कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तीशी नुसते मोठ्याने बोलणे पुरेसे नाही. तिच्यासमोर, उजेडात आणि ओठ दिसतील असे बोलावे.